सी-बॅक फॉर्ममधली एक ओळ : आरोग्यमंत्र्यांना सोलापुरातून पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

आशाताई घरोघरी भरून घेतात त्या सी-बॅक फॉर्मबद्दल, म्हणजे आजारांचा धोका ओळखण्याच्या प्रश्नावलीबद्दल, लिहिते आहे. तिशीपुढच्या प्रत्येकाचा तो भरायचा असतो. तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, घरात कुणाला बीपी-शुगर, हे सगळं त्यात येतं. वजन घटलंय का, असाही प्रश्न आहे, तो क्षयरोगासाठी. हाताने वस्तू धरायला त्रास होतो का, पाय कमजोर होऊन चालायला अडचण येते का, हे प्रश्न कुष्ठरोगासाठी. थुंकी तपासली, टीबी नाही. चट्टा नाही, बधिरपणा नाही, म्हणजे कुष्ठरोगही नाही. मग बहुतेक वेळा तो कागद तिथेच थांबतो. पण एकाच माणसाने दोन्हींना 'हो' म्हटलं असेल तर?

मी सोलापुरात फिजिओथेरपी करते. मोटर न्यूरॉन डिसीजचे पेशंट माझ्याकडे येतात. संख्येने थोडे, पण जवळजवळ सगळे उशिरा. या आजारात मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हालचालीचा हुकूम देणाऱ्या पेशी मरत जातात. हातपाय वाळतात, मग बोलणं, गिळणं आणि शेवटी श्वास. लक्षणं सुरू झाल्यापासून बहुतेकांच्या हाती दोन ते पाच वर्षं असतात. रिल्युझोल हे औषध १९९५ पासून आहे, पण त्याने आयुष्य वाढतं ते साधारण दोन-तीन महिन्यांनी.

अनेकांत आधी अंगठ्याच्या बाजूचे स्नायू वाळतात, म्हणजे चिमूटच जाते. सोलापूरच्या पूर्व भागात बरीच रोजीरोटी चिमटीवर चालते. यंत्रमागावर तुटलेल्या धाग्याला गाठ मारायची असते, विडीला दोरा गुंडाळायचा असतो. गाठ बसेना झाली, हजार विड्या संध्याकाळपर्यंत उरकेनाशा झाल्या, की घरचे म्हणतात वय झालं. कुणी मानेचा एक्स-रे काढतं, कुणी बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं देतं. आणि कपडे सैल झाले तर शेजारीपाजारी कौतुकच करतात, 'बारीक झालात की! काय सोडलं, भात?' शुगरच्या धास्तीत जगणाऱ्या शहरात उतरलेल्या वजनाला सहसा कुणी जाब विचारत नाही.

वजनाचा आणि या आजाराचा संबंध बऱ्याच ठिकाणी अभ्यासला गेलाय. नॉर्वेत पंधरा लाखांहून जास्त लोकांच्या नोंदी तपासल्या, २०१९ साली निष्कर्ष आले. ज्यांचं वजन उंचीच्या मानाने जास्त होतं, त्यांच्यात पुढे कित्येक वर्षांनी हा आजार कमी आढळला. वजन घटत गेलेल्यांत तो जास्त आढळला. चरबी खरंच राखण करते, की आजार दिसायच्या आधीपासून आतून वजन खात असतो, याचा निकाल अजून लागलेला नाही. म्हणून कुणी पोट वाढवायला लागू नये. हा आजार युरोपातल्या आकड्यांनुसार वर्षाला लाखात दोघा-तिघांना गाठतो. मधुमेह आणि हृदयविकार गल्लीगल्लीत आहेत. कंबरेचा घेर मोजण्याच्या आपल्या मोहिमेला माझा विरोध नाही.

पण निदान झालेल्या माणसाचं वजन हा वेगळाच मामला आहे. यातल्या बऱ्याच जणांचं शरीर स्वस्थ बसूनही जास्त ऊर्जा जाळतं, आणि गिळता येत नाही म्हणून खाणं कमी होतं. निदानाच्या वेळी ज्यांचं वजन जास्त घटलेलं असतं, ते सरासरी कमी जगतात. तरी रिपोर्टमध्ये कोलेस्टेरॉल थोडं वर दिसलं म्हणून तेल-तूप बंद केलेले पेशंट मी पाहिलेत. राग येतो. आपली कडक भाकरी आणि कोरडी शेंगा चटणी तर आधीच सुटलेली असते, ठसका लागतो. मग उरतं ते पातळ वरण. त्यात चमचाभर तूप घाला, भाकरी दुधात भिजवून मऊ करा, हे सांगायला कुणीतरी हवं. अन्नासाठी पोटातून नळी बसवायची तर श्वासाची ताकद शाबूत असतानाच बसवावी लागते. माणूस हाडांचा सापळा झाल्यावर त्या प्रक्रियेचा धोका वाढतो.

म्हणून विनंती अशी. वजन घटलंय आणि हातापायात कमजोरीही आहे, टीबी आणि कुष्ठरोग निघाला नाही, शुगर आणि थायरॉईडनेही उलगडा होत नाही, अशा माणसाला थेट मेडिकल कॉलेजच्या ओपीडीला पाठवावं, एवढी एक ओळ फॉर्मच्या सूचनांत घाला. फॉर्म केंद्राचा आहे म्हणाल, तर आशाताईंच्या प्रशिक्षणात घाला. त्यासाठी नवीन यंत्र लागत नाही. (आशाताईंना आणखी एक काम सांगताना मला संकोच वाटतो. त्यांचा मोबदला वेळेवर द्या, हेही याच पत्रात लिहिते.)

दुसरं, सोलापूरचं सिव्हिल वैद्यकीय शिक्षण खात्याकडे आहे, हे मला ठाऊक आहे. दोन्ही खात्यांनी बसून ठरवावं, की तिथे महिन्यातून एक दिवस न्यूरॉलॉजिस्ट, आहारतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट एकत्र बसतील आणि या पेशंटांचं दर वेळी वजन होईल. आज वाळलेला हात घेऊन लोक पुण्याला जातात, सोबत एकाची रोजंदारी बुडते. महात्मा फुले योजनेचा भर दाखल होऊन घ्यायच्या उपचारांवर आहे. रात्री श्वासाला आधार देणारं बायपॅप मशीन तर घरीच लागतं, आणि त्याने आयुष्य वाढतं हे सिद्ध झालेलं आहे. ते उसनं मिळण्याची सोय जिल्हा पातळीवर करता येईल का, याचं उत्तर आपल्या कार्यालयाकडून लेखी मिळावं.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट
सोलापूर