न्यायप्रविष्ट काय आहे आणि काय नाही? विधी व न्याय मंत्र्यांना खुले पत्र

मा. विधी व न्याय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,

सविनय नमस्कार.

आमच्या जिल्ह्यातील एका माजी मंत्र्यांवर भ्रष्टाचाराचा खटला चालू आहे. ‘चालू आहे’ हे मी कागदोपत्री अर्थाने म्हणतो. तारखेच्या आदल्या रात्री गावात एकच प्रश्न फिरतो: उद्या कोर्टात साहेब येणार, की साहेबांचा ईसीजी येणार? हा विनोद पहिल्यांदा ऐकला तेव्हा मीही हसलो. जिल्हा न्यायालयात मी सत्तावीस वर्षे नोकरी केली, त्यातली बरीचशी बेंच क्लार्क म्हणून. वैद्यकीय दाखला जोडलेले हजेरी माफीचे इतके अर्ज मी या हातांनी नस्तीला लावले आहेत, की तो विनोद मला कुणी उलगडून सांगण्याची गरज नव्हती.

गेल्या महिन्यात मी मुद्दाम तारखेला जाऊन मागच्या बाकावर बसलो. पुकारा झाला. आरोपी क्रमांक एक गैरहजर होते. त्यांच्या वकिलांनी अर्ज दिला आणि सरकारी वकिलांनी त्यावर ‘योग्य तो आदेश व्हावा’ असे म्हणणे लिहून दिले. साक्षीदार मात्र हजर होते. सत्तरी ओलांडलेले निवृत्त लेखापाल, मांडीवर कापडी पिशवी आणि पिशवीत आजवर मिळालेली तिन्ही समन्से. पण सरकारी वकील नव्याने नेमलेले होते आणि त्यांना कागदपत्रे वाचायला वेळ हवा होता. चार मिनिटांत पुढची तारीख पडली. बाहेर व्हरांड्यात त्या गृहस्थांनी मला कोर्टाचा माणूस समजून विचारले, “माझं काही चुकलं का?”

रोजनाम्यात त्या दिवसाची नोंद फार तर दोन ओळींची झाली असेल. साहेबांच्या गैरहजेरीवर संध्याकाळपर्यंत डझनभर विनोद तयार झाले, परंतु सरकारी वकिलांनी मागितलेल्या मुदतीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, कारण ती गोष्ट कुणाला कळलीच नव्हती.

या खटल्यावर आमच्याकडे वादही जोरात होतात. एक बाजू म्हणते, हा राजकीय सूड आहे. दुसरी म्हणते, सगळे खाल्ले. दोषारोपपत्र कुणीच वाचलेले नसते. मध्यंतरी साहेबांनी पक्ष बदलला, तेव्हा दोन्ही बाजूंनी आपापली वाक्ये बिनदिक्कत बदलून घेतली आणि ‘वॉशिंग मशीन’चे विनोद काल साहेबांची बाजू घेणाऱ्यांच्या तोंडी आले. खटला मात्र होता तिथेच होता. लोक या विनोदांतून न्यायालयाची थट्टा करतात, असे काही मान्यवरांना वाटते. मला तसे वाटत नाही. माणसाला जिथे काहीच दिसत नाही, तिथे तो तर्क करतो, आणि तर्काचाही कंटाळा आला की विनोद करतो.

दिसत का नाही, याचे उत्तर आपल्या एका आवडत्या शब्दात आहे. आपण आणि आपल्याआधीचे मंत्री, अशा खटल्याविषयी सभागृहात किंवा पत्रकारांनी काहीही विचारले की, ‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे’, म्हणजे ते न्यायालयापुढे असल्याने त्यावर बोलता येत नाही, असे सांगून विषय मिटवता. आरोपी दोषी आहे की निर्दोष, हा प्रश्न न्यायप्रविष्ट आहे हे निर्विवाद, आणि त्यावर मंत्र्यांनी तोंड उघडू नये हेच योग्य. परंतु सरकारी वकील किती वेळा बदलले, लोकसेवकावर खटला भरण्यासाठी लागणाऱ्या शासकीय मंजुरीची फाइल कोणत्या टेबलावर किती दिवस होती, किती साक्षीदार जबाब न होताच परत गेले, हे प्रश्न न्यायप्रविष्ट कसे? हा तर शासनाचा स्वतःचा हिशेब आहे.

उघड्या न्यायालयाचे तत्त्व महाराष्ट्राला नवे नाही. एका साक्षीदाराच्या साक्षीला प्रसिद्धी देऊ नये, या मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाविरुद्ध नरेश मिरजकर हे पत्रकार सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६६ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने त्यांची याचिका फेटाळली खरी, पण न्यायदान लोकांच्या नजरेसमोर व्हावे हा नियम आणि बंदी हा अपवाद, हे त्याच निकालात निःसंदिग्धपणे मांडले. न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ मधील कलम ४ नुसारही न्यायालयीन कामकाजाचे यथार्थ व अचूक वृत्त देणे हा सर्वसाधारणपणे अवमान ठरत नाही.

लांबलेल्या खटल्याने कुणाकुणाचे नुकसान होते, याचा धडाही आपल्याच राज्यात आहे. सिमेंटच्या वाटपाच्या बदल्यात ट्रस्टसाठी देणग्या घेतल्याच्या आरोपावरून, म्हणजे सिमेंट प्रकरणावरून, बॅरिस्टर अंतुले यांनी जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्रिपद सोडले आणि त्याच वर्षी भाजपचे नेते रामदास नायक यांनी त्यांच्याविरुद्ध फिर्याद दाखल केली. खटला लवकर संपावा म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये तो विशेष न्यायाधीशांकडून उच्च न्यायालयाकडे सोपवला. १९८८ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने तो आदेशच चुकीचा ठरवला. डिसेंबर १९९१ मध्ये जलद सुनावणीच्या हक्कावरचा महत्त्वाचा निकाल आला, तोही अंतुले यांच्याच नावाने. कायद्याच्या विद्यार्थ्यांना एकाच माणसाच्या नावावर तीन निकाल पाठ करावे लागतात. त्या प्रकरणात अंतुले यांना शिक्षा झाली नाही, पण ‘सिमेंट’ हा शब्द त्यांच्या नावाला चिकटला तो कायमचा. विनोदाला अपील नसते. जळगाव नगरपालिकेच्या घरकुल योजनेतील गैरव्यवहाराच्या प्रकरणात गुन्हा २००६ मध्ये नोंदला गेला आणि धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवले ते ३१ ऑगस्ट २०१९ रोजी. तिकडे तामिळनाडूच्या मुख्यमंत्री राहिलेल्या जयललिता यांच्याविरुद्धची १९९६ सालची तक्रार अखेरच्या निकालापर्यंत फेब्रुवारी २०१७ मध्ये पोचली, तेव्हा त्यांचे निधन होऊन दोन महिने उलटले होते.

कायद्यात उणीव आहे, असे मी म्हणणार नाही. २०१८ च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमात असे खटले रोजच्या रोज चालवून दोन वर्षांत संपवण्याचा प्रयत्न करावा आणि मुदतवाढीची कारणे लेखी नोंदवावीत, असे म्हटले आहे. मंजुरीचा निर्णय साधारण तीन महिन्यांत व्हावा, असेही आहे. आमदार-खासदारांवरचे खटले उच्च न्यायालयाच्या परवानगीवाचून मागे घेऊ नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०२१ रोजी बजावले. ९ नोव्हेंबर २०२३ च्या निकालात तर असे खटले अपवादात्मक व सबळ कारणाशिवाय तहकूब करू नयेत, आणि त्यांची जिल्हावार माहिती उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर स्वतंत्र जागी द्यावी, असे निर्देश आहेत. न्यायालयाने आपल्या वाट्याचे दार उघडायला घेतले आहे. आपल्या खात्याचे दार बंद आहे.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. लोकप्रतिनिधींवरील प्रत्येक खटल्यात शासनाच्या बाजूने काय घडले, म्हणजे मंजुरी कधी मागितली व कधी दिली, वकील कधी नेमले व का बदलले, कोणत्या तारखेला शासनानेच मुदत मागितली, हे दर महिन्याला मराठीत प्रसिद्ध करावे. यात न्यायाधीशांच्या अधिकारात कुठेही ढवळाढवळ होत नाही. जिल्हा न्यायालयांची भाषा १९९८ पासून मराठी आहे, त्यामुळे भाषांतराची सबबही नको. आणि या खटल्यांवर विनोद करणाऱ्यांना नोटिसा धाडण्याचा मोह आपल्या सहकाऱ्यांना कधी झाला, तर त्यांना आवरावे. त्या नोटिसांसाठी लागणारी पोलीस ठाण्यातली माणसे समन्स बजावायला अधिक उपयोगी पडतील.

पुढची तारीख एकवीस दिवसांवर आहे. त्या लेखापालांना मी फोन करून विचारले, येणार का. ते म्हणाले, समन्स आहे म्हटल्यावर यावेच लागेल, पण या वेळी सरकारी वकील तेच असतील ना, एवढे विचारून ठेवा. मला ते ठाऊक नाही. नेमणूक आपल्या खात्याची असल्याने त्यांचा प्रश्न मी आपल्याकडे पाठवीत आहे.

आपला,
जिल्हा न्यायालयातील एक निवृत्त बेंच क्लार्क