आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : गाठ लवकर सापडली, आता पुढे?

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सविनय नमस्कार.

मी मराठवाड्यातील एका तालुक्यात आशा स्वयंसेविका म्हणून आपल्याच विभागाचे काम करते. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक बाईचा फॉर्म भरताना ‘स्तनात गाठ जाणवते का’ हा प्रश्न मी वर्षानुवर्षे दारोदार विचारत आले, आणि अंघोळ करताना माझ्याच हाताला गाठ लागली तेव्हा, इतरजणींना सांगते तसे, आठवड्याच्या आत डॉक्टरांकडे गेले. गाठ कर्करोगाची निघाली. शस्त्रक्रिया राज्य सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून झाली, त्याबद्दल मी आपली आभारी आहे. आभाराचा मजकूर इथे संपला.

गाठ १.८ सेंटीमीटरची होती, हार्मोनला प्रतिसाद देणारी होती, काखेतल्या ग्रंथी स्वच्छ निघाल्या आणि स्तन वाचला. परंतु ‘हर-टू’, म्हणजे गाठ वाढवणारे एक प्रथिन जास्त आहे का, या तपासणीचा निकाल ‘२ अधिक’ आला. शून्य किंवा एक आला तर ते जास्त नाही, तीन आला तर आहे, आणि दोन आला तर ‘फिश’ नावाची दुसरी चाचणी केल्यावाचून काहीच सांगता येत नाही, असे डॉक्टरांनी केसपेपरच्या पाठीवर आकडे काढून समजावले. ती होकारार्थी आली तर केमो आणि त्यासोबत दर तीन आठवड्यांनी वर्षभर ट्रास्टुझुमॅब हे हर-टूला रोखणारे इंजेक्शन. नकारार्थी आली तर कदाचित केमो टळेल आणि रेडिएशननंतर रोजची टॅमॉक्सिफेन ही हार्मोनला अडवणारी गोळी किमान पाच वर्षे. इतका मोठा निर्णय ज्या चाचणीवर अडला आहे, ती ‘पॅकेजमध्ये बसत नाही, बाहेरून करून आणा’, असे मला गेल्या मंगळवारी योजनेच्या खिडकीवर सांगण्यात आले.

बाहेरून म्हणजे कसे, तेही ऐकावे. गाठीचा तुकडा मेणात बसवून ठेवलेला असतो, त्याला ब्लॉक म्हणतात, काडेपेटीहून लहान. तो पाकिटात घालून माझ्या हातात दिला गेला आणि मी एसटीत साडेपाच तास, उन्हाने मेण वितळेल या धास्तीने, खिडकीला पदर धरून बसले. ज्या बाजूचे टाके नुकतेच भरले होते, तोच हात वर धरून. खासगी प्रयोगशाळेने साडेनऊ हजार मागितले. हा जवळपास माझा महिन्याचा मोबदला, तोही वेळेवर जमा झाला तर. २०२३ मध्ये आपल्या सरकारने योजनेचे कवच दीड लाखावरून पाच लाखांवर नेले, त्याचे फलक आमच्या स्टँडवर अजून आहेत. पाच लाखांच्या कवचाला नेमके साडेनऊ हजारांचे भोक कसे पडते, हे फलकावर लिहिलेले नाही.

केमो द्यायची ठरली तर ती शस्त्रक्रियेपासून शक्यतो आठ आठवड्यांच्या आत सुरू व्हावी, असे डॉक्टर म्हणाले. माझे सहा संपले.

आणि रेडिएशनचे काय? स्तन वाचवला म्हणून ते घ्यावेच लागणार. पंधरा बैठका, आठवड्यातून पाच दिवस, तीन आठवडे. यंत्र माझ्या गावापासून १४० किलोमीटरवर आहे. योजना यंत्राचे पैसे देते, पण रात्री बाईने कुठे पाठ टेकायची हे तिला माहीत नसते. माझ्याच कार्यक्षेत्रातील दोघींनी रेडिएशनची ही फरफट नको म्हणून ‘त्यापेक्षा सगळा स्तनच काढा’ असे सर्जनला सांगितले. यालाही आपल्या विभागात उपचाराचा निर्णयच म्हणत असतील.

१ फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे केअर केंद्रे, म्हणजे केमो घेऊन त्याच दिवशी घरी जाता येईल अशी केंद्रे, आणि पहिल्याच वर्षी २०० केंद्रे, अशी घोषणा झाली. घोषणा दिल्लीची असली तरी जिल्हा रुग्णालये आपली आहेत. माझ्या जिल्ह्यात त्या केंद्राची चौकशी केली तेव्हा एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पाठवत अखेर मला रक्तदाब तपासणीच्या रांगेत उभे केले गेले. ऑक्टोबरात, स्तनकर्करोग जागृतीच्या महिन्यात, मात्र त्याच आवारात गुलाबी फुगे होते आणि फुगवायला आम्हा आशांनाच बोलावले होते. लवकर निदान करा, हे बायकांना सांगायला सरकारला आम्ही हव्यात; निदान लवकर झाल्यावर सरकार नेमके कुठे जाते? मुंबईत परळच्या टाटा कर्करोग रुग्णालयाबाहेर पदपथावर गावोगावचे रुग्ण निजतात, ते काय हौसेने?

मागणे फार नाही. ‘२ अधिक’ निकाल आलेल्या प्रत्येक बाईची फिश चाचणी योजनेत धरावी आणि ब्लॉक रुग्णालयानेच पाठवावा. रेडिएशनच्या तीन आठवड्यांसाठी निवाऱ्याची सोय करावी. डे केअर केंद्र कोणत्या खोलीत आहे, ते दारावर लिहावे.

उसने पैसे घेऊन चाचणी मी केली आहे. अहवाल सोमवारी यायचा आहे. पावती जपून ठेवली आहे. ती कोणत्या खिडकीवर द्यायची, एवढे तरी कळवावे.

आपली,
एक आशा स्वयंसेविका