नागपूर–मुंबई विमानातल्या ताईंचे आभार

जुलैत नागपूरहून मुंबईला येताना आईच्या शेजारी बसलेल्या ताई, तुमचे मनापासून आभार! आईचा पहिलाच विमानप्रवास, आणि माझी जागा पार मागे. सह्याद्रीवरच्या पावसाळी ढगांत विमान हादरू लागलं, तेव्हा तुम्ही तिचा हात घट्ट धरलात. पंख मुद्दाम लवचीक बनवलेले असतात, ते हलणारच, हे आपल्या वऱ्हाडीत समजावलंत. उतरताना हवेचा दाब वाढून तिच्या कानांना दडे बसले, तर चघळायला गोळी दिलीत. गर्दीत तुमचं नावही कळलं नाही. व्हीलचेअर थेट टॅक्सीपर्यंत आणून वर बक्षिसी नाकारणाऱ्या दादांचेही खूप आभार. दिवाळीला आईला पुन्हा विमानानेच यायचंय, तेही खिडकीपाशी बसून!