मनी अडली त्या रात्रीबद्दल

प्रिय सखे,

तुझी माऊ गाभण आहे आणि दिवस भरत आलेत हे कळलं. आनंद झाला, आणि धास्तीही वाटली. आमच्या मनीच्या बाळंतपणाचं तुला मी फोनवर दोनच वाक्यांत सांगितलं होतं. तेव्हा बोलवत नव्हतं. आज सगळं लिहिते, तुला लागेल म्हणून.

तो ६४ वा दिवस होता. सकाळपासून तिनं तोंडात काही घेतलं नव्हतं. कपाटाच्या तळाशी जाऊन कपडे उकरायची, परत माझ्या पायांत येऊन घुटमळायची. मांजराचं अंग एरवी ३८ ते ३९ अंश असतं, तिचं ३७.४ वर उतरलं होतं. असं उतरलं की साधारण दिवसभरात मांजर विते. तुझी माऊ थर्मामीटर लावू देत नसेल तर मात्र हट्ट करू नकोस. घाबरलेली मांजर कळा रोखून धरते. पाहुणे, मुलं, दुसरं मांजर, कुणालाही त्या खोलीत येऊ देऊ नकोस.

पहिलं पिल्लू रात्री साडेनऊला आलं. मनीनं चाटून चाटून पडदा फाडला, नाळ तोडली, वार खाल्ली. मी नुसती बघत होते. दुसरं चाळीस मिनिटांनी, तितकंच सहज. प्रत्येक पिल्लामागे एक वार पडायला हवी, आत राहिली तर आजार होतो, म्हणून वहीत खुणा करत होते.

तिसरं पायाळू. ऐकून घाबरू नकोस, मांजरांत पायाळू पिल्लं पुष्कळ असतात आणि बहुतेक सुखरूप येतात. हे कमरेपर्यंत आलं आणि थांबलं. मनी कळा देत होती, ओरडत होती, आणि ते इवले पाय तसेच लोंबत होते. डोकं आत असताना नाळ दबली तर पिल्लू गुदमरतं, म्हणजे हातात मिनिटंच. डॉक्टरांना फोन लावून तो स्पीकरवर ठेवला आणि हात धुतले. त्यांनी सांगितलं तसं केलं: पाय किंवा शेपूट ओढायचं नाही, मऊ कोरड्या फडक्यात पिल्लाची कंबर धरायची, आणि कळ आली की तेवढ्यापुरतं, हलकेच, आईच्या पायांच्या दिशेनं खाली ओढायचं. कळ ओसरली की आपणही थांबायचं, नुसतं धरून ठेवायचं. त्या थांबण्यातच माझा जीव जात होता. तिसऱ्या कळेला ते आलं.

आलं, पण निपचित. मनी इतकी थकली होती की तिनं मान वळवली नाही. मी नाकातोंडावरचा पडदा काढला, चिकटा पुसला, डोकं थोडं खाली धरून टॉवेलनं पाठ चोळत राहिले. पिल्लाला झटके देऊन गरगर फिरवतात ना, ते कधीही करू नकोस, मेंदूला इजा होते. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग छाती एकदा वर आली. परत आली. आणि ते चिवचिवलं. नाळ पोटापासून दोन बोटं सोडून दोऱ्यानं बांधली आणि त्याच्या पलीकडे कापली.

इथंपर्यंत सगळं नीट झालं म्हणून मी निर्धास्त झाले, आणि चूक इथंच झाली. मनी परत जोर लावू लागली. वाटलं, तीन आली तसं चौथंही येईल. अर्धा तास झाला, पाऊण झाला. जोराच्या कळा वीस-तीस मिनिटं येऊनही पिल्लू दिसत नसेल तर लगेच निघायचं असतं, हे मला डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. मी तासानं निघाले. मध्ये पिल्लांना पाजत शांत पडून राहिलेली मांजर वेगळी आणि कण्हत जोर लावणारी वेगळी, हा फरक मला दिसत होता, तरी मी थांबले.

चौथं पिल्लू आडवं होतं. पोट फाडून काढावं लागलं आणि ते गेलेलं होतं. मनी वाचली. कळा वाढवायचं इंजेक्शन कुणी घरी द्यायला सुचवलं तर ऐकू नकोस. वाट अडलेली असताना ते दिलं तर गर्भाशय फाटू शकतं.

ती आत टेबलावर असताना तिन्ही पिल्लं माझ्या मांडीवरच्या खोक्यात होती, फडक्यात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या पिशवीशेजारी. पिशवी एकाच बाजूला ठेवायची, म्हणजे फार उकडलं तर त्यांना सरकता येतं. त्यांना स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, आणि गारठलेल्या पिल्लाला पाजलं तर दूध पचत नाही. पहाटे मनी शुद्धीवर आल्यावर एकेकाला सडाशी लावलं. चीक पहिल्या दिवसातच पोटात जायला हवा.

पायाळू पिल्लाचं वजन तेव्हा ८५ ग्रॅम होतं, बाकी दोघं शंभराच्या आसपास. रोज दहा ग्रॅम तरी वाढायला हवं, म्हणून स्वयंपाकघरातला काटा त्यांच्याच खोक्याजवळ असायचा. पाचव्या दिवशी त्यानं भावंडांना गाठलं.

तू काय कर, आजच डॉक्टरांना भेटून एक्स-रे काढायचा का ते विचार. दिवस भरत आल्यावर त्यात पिल्लं मोजता येतात, म्हणजे संपलं कधी ते आपल्याला कळतं. रात्री उघडा असणारा दवाखाना आधी शोधून ठेव, नेण्याची टोपली दाराशी ठेव. आणि पहिली कळ दिसली की वेळ लिहून मला फोन कर. मी जागी राहीन.

तुझीच

ता. क. पायाळू पिल्लू माझ्याकडेच राहिलं. हे लिहिताना ते पेनाच्या टोकाशी झोंबतंय.