अर्थ शेवटच्या तासाला

कोल्हापूर,
१२ जुलै

प्रिय सदा,
सप्रेम नमस्कार.

नववीचं मराठी यंदा तुझ्याकडे आलंय आणि मुक्तछंदातली कविता काढली की पोरं खिडकीबाहेर बघतात, असं तू लिहिलंस. पोरांचा दोष नाही. आपण कवीची माहिती सांगतो, कठीण शब्दांचे अर्थ देतो, भावार्थ सांगतो आणि मग म्हणतो, आता कविता वाचा. सगळं सांगून झाल्यावर वाचायला उरतं काय? म्हणून तुला कळकळीने सांगतो, अर्थ शेवटच्या तासाला ठेव.

एका कवितेला चार तास दे. सगळ्या कवितांना एवढे मिळणार नाहीत, पण सहामाहीत एक जरी अशी झाली तरी बाकीच्या लवकर उरकतात. वाचायची रीत मुलांच्या अंगवळणी पडते. सुरुवातीला बारा ते सोळा ओळींची कविता घे. अनोळखी शब्द तीन-चारच असावेत आणि एखादी हाताला लागणारी वस्तू असावी: चप्पल, बादली, एसटीचं तिकीट. ओळींना क्रमांक घालून झेरॉक्स काढ, दोघांत एक. एकाच कागदावर दोन डोकी आली की बोलणं आपोआप सुरू होतं.

पहिल्या तासाला कागद वाटण्याआधी तू एकदा वाच. चाल लावू नकोस, आवाजात रडू आणू नकोस. बातमी सांगतोस तसं सरळ वाच आणि मग अर्धा मिनिट गप्प राहा. हा अर्धा मिनिट फार जड जातो आणि आपण नेमके तिथेच बोलून सगळं घालवतो. मग कागद दे, पुन्हा वाच आणि जिथे आपण अडखळलो किंवा थांबलो तिथे पेन्सिलीने खूण करायला सांग. आवडलेली ओळ विचारू नकोस, सगळे पहिलीच सांगतात. अडखळलेली जागा खरी असते.

दुसरा तास ओळी तोडण्याचा. यावर मन लावून काम कर, मुक्तछंद मुलांना कळतो तो इथेच. कवितेच्या चार-पाच ओळी फळ्यावर सलग गद्यासारख्या लिही आणि कुठे तोडाल ते तिरप्या रेघेने दाखवायला सांग. समज, वाक्य असं आहे: रंकाळ्याच्या कठड्यावर आज्जीनं ठेवलेली पिशवी अजून तिथंच. एकजण असं तोडेल:

रंकाळ्याच्या कठड्यावर
आज्जीनं ठेवलेली पिशवी
अजून तिथंच

दुसरी असं:

रंकाळ्याच्या कठड्यावर आज्जीनं ठेवलेली
पिशवी
अजून
तिथंच

दोन्ही मोठ्याने वाचून घे. पहिल्यात माहिती मिळते. दुसऱ्यात पिशवी एकटी पडते, ‘अजून’पाशी श्वास अडकतो आणि आज्जी कुठाय हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. ओळ कुठे मोडली याने अर्थ हलतो हे त्यांना तेव्हा दिसतं, व्याख्या द्यावी लागत नाही. शेवटी कवीने कुठे तोडलंय ते दाखव. कवीचंच बरोबर असा सूर मात्र लावू नकोस, नाहीतर पुढच्या वेळी सगळे अंदाज बांधत बसतील.

तिसऱ्या तासाला प्रश्न. ‘कवीला काय म्हणायचे आहे?’ हा प्रश्न टाळ. त्याचं उत्तर गाईडमध्ये छापलेलं असतं आणि पोरांना ते ठाऊक असतं. कोण बोलतंय, कोणाशी? हा शब्द काढला तर काय जातं? पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत काय बदललं? असं विचार. नियम एकच, उत्तरासोबत ओळीचा क्रमांक सांगायचा. त्याने ‘ज्याला जे वाटेल ते’ हा गोंधळ थांबतो आणि मागच्या बाकावरच्यालाही बोलायला आधार मिळतो.

दलित कविता किंवा कामगारांची कविता घेशील तेव्हा त्यातले शब्द आधी स्वतः मोठ्याने वाचून बघ. शिवी आली तर ती का आली ते वर्गाला आधीच सांग. आणि त्या वस्तीतल्या, त्या समाजातल्या मुलाकडे बघून ‘तू सांग’ असं कधीही म्हणू नकोस. त्याला बोलायचं असेल तर तो बोलेल.

चौथ्या तासाला आठ मिनिटं लिहू दे. पाच ओळी, एक वस्तू, वर्तमानकाळ. यमक बंद, ‘जणू’ बंद. यमक मोकळं ठेवलं की आईला साई जुळते आणि कविता शुभेच्छापत्र होते. तुझ्या वर्गात गुऱ्हाळावर जाणारी पोरं असतीलच. काहील, चुलवाण, चिपाड, काकवी, ढेप हे शब्द त्यांच्या तोंडी आहेत, ते कागदावर येऊ देत. ‘हाय’, ‘न्हाई’ लिहिलं तर या टप्प्यावर खोडू नकोस. लाल शाईही नको. जिवंत वाटणाऱ्या एकाच ओळीखाली रेघ मार आणि समासात एक प्रश्न लिही, म्हणजे साठ वह्याही उरकतात.

त्याच तासाच्या उरलेल्या वेळात रसग्रहण घे. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये हे तीन कप्पे परीक्षेला लागतातच, पण आता त्यांत भरायला मुलांकडे स्वतःचं काही असतं. पेन्सिलीच्या खुणा, तोडलेल्या ओळी, क्रमांकासह दिलेली उत्तरं यांतूनच परिच्छेद उभा राहतो. कवीची माहितीही इथेच, दोन मिनिटांत. अरुण कोलटकर कोल्हापुरात जन्मले, त्यांच्या ‘भिजकी वही’ला २००५ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, एवढं कविता वाचून झाल्यावर सांगितलं की मुलं कान टवकारतात. आधी सांगितलं तर तो नुसता एक गुणाचा प्रश्न होतो.

पहिली कविता कोणती घेतोस ते कळव. कागद पाठवलास तर ओळी कुठे तोडायला द्याव्यात ते खुणा करून परत पाठवतो. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
विजय