शाळेचा पहिला अर्धा तास मुलांच्या मनासाठी राखून ठेवावा

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

राज्यातील शाळा ४ ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हा सुरू झाल्या. ग्रामीण भागात पाचवी ते बारावीचे आणि शहरांत आठवी ते बारावीचे वर्ग भरू लागले. मधले काही आठवडे सोडले, तर कोरोनामुळे मार्च २०२० पासून रिकाम्या असलेल्या वर्गखोल्यांत मुले पुन्हा बाकांवर बसली, याचा आम्हा शिक्षकांना मनापासून आनंद आहे. परंतु या गडबडीत एक महत्त्वाची गोष्ट मागे पडत आहे आणि तिच्याकडे शिक्षण विभागाचे, जिल्हा परिषदांचे व पालकांचे लक्ष वेधावे, यासाठी हे पत्र लिहीत आहे. शाळा उघडल्याबरोबर सगळीकडून विचारणा सुरू झाली ती अभ्यास किती मागे पडला, मुलांना वाचता येते का, सेतू अभ्यासक्रमाच्या चाचण्यांत किती गुण मिळाले, याची. हे प्रश्न रास्तच आहेत. मात्र दीड वर्षात मुलांच्या मनावर काय गुदरले, हे विचारणारा एकही रकाना आमच्याकडे येणाऱ्या माहितीच्या तक्त्यांत अद्याप माझ्या पाहण्यात आलेला नाही. माझी मागणी एवढीच आहे की, निदान या शैक्षणिक वर्षाच्या अखेरपर्यंत प्रत्येक शाळेचा रोजचा पहिला अर्धा तास मुलांच्या मनासाठी राखून ठेवण्याचा स्पष्ट आदेश निघावा आणि त्या अर्ध्या तासामागे जिल्ह्याची आरोग्य यंत्रणा उभी राहावी.

मराठवाड्यातील मुलांच्या वाट्याला या काळात जे आले, ते केवळ 'ऑनलाइन शिक्षणाच्या अडचणी' या शब्दांत मावणारे नाही. टाळेबंदी लागली तेव्हा आमच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांच्या तळांवर अडकून पडले होते. एप्रिलमध्ये शासनाने परवानगी दिल्यावर ती कुटुंबे गावी परतली, पण अनेकांना गावाबाहेर, रानात पाल ठोकून विलगीकरणात राहावे लागले, आणि ज्यांच्याबरोबर कालपर्यंत खेळलो ती मुले आपल्याला पाहून दूर पळतात, हा अनुभव आठ-दहा वर्षांच्या लेकरांनी घेतला. ८ मे २०२० रोजी करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली सापडले, ती दृश्ये याच मुलांनी घरातल्या मोबाइलवर पाहिली. यंदाच्या एप्रिलमध्ये अंबाजोगाईत एकाच रुग्णवाहिकेतून २२ मृतदेह स्मशानभूमीकडे नेण्यात आले. त्याची छायाचित्रेही अभ्यासाचे दुवे ज्या फोनवर येत होते, त्याच फोनवर आली. त्यातून मुलांच्या मनात काय साठले, हे त्यांना कोणी विचारले नाही, कारण घरातली मोठी माणसेच तेव्हा धास्तावलेली होती.

दुसऱ्या लाटेने तर दुःख करण्याची आपली पद्धतच मोडून टाकली. आपल्याकडे घरात मृत्यू झाला की दहा दिवस माणसे येतात, बसतात, गेलेल्याविषयी बोलतात, रडतात, घरच्यांना चार घास खाऊ घालतात, आणि त्या सगळ्यातून लहान मुलालाही काहीतरी मोठे घडल्याचे आणि आपण एकटे नसल्याचे कळते. कोरोनात वडील रुग्णालयात गेले ते परतलेच नाहीत, शेवटचे तोंड पाहता आले नाही, भेटायला कोणी आले नाही आणि पंधरा दिवसांत मुलाची रवानगी मामाच्या गावी झाली, असे घडलेल्या घरांतील मुले आज आमच्या वर्गांत आहेत. दोन्ही पालक गमावलेल्या बालकांच्या नावे पाच लाख रुपयांची ठेव ठेवण्याचा राज्य शासनाचा निर्णय स्वागतार्ह आहे. बालसंगोपन योजनेचाही अनेकांना आधार होईल. पण ज्या मुलाने या सहा महिन्यांत आईचे नाव एकदाही घेतलेले नाही, त्याच्याशी बसून बोलणारे माणूसही त्याला मिळाले पाहिजे, आणि ते माणूस बहुधा त्याचे शिक्षकच असू शकतात.

मोठ्या वर्गांतील मुलांची व्यथा निराळी आहे. यंदा दहावीची परीक्षा झाली नाही, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल ९९.९५ टक्के लागला आणि त्या मुलांना 'कोरोनाची बॅच' हे नाव चिकटले. लग्नसमारंभात, एसटीत, किराणा दुकानातसुद्धा त्यांना ते ऐकवले जाते. पुढे अकरावीसाठी प्रवेश परीक्षा होणार म्हणून ती अभ्यासाला लागली, तर ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने ती परीक्षाच रद्द ठरवली. तो निर्णय योग्य होता की नाही, हा या पत्राचा विषय नाही. पण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला आपल्या कष्टांना काही अर्थ आहे की नाही हेच कळेनासे व्हावे, अशी ही परिस्थिती होती. लातूरला खोली घेऊन राहिलेली आणि तारीख पुढे ढकलली गेल्यानंतर १२ सप्टेंबरला वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा दिलेली मुले आज निकालाची वाट पाहत आहेत, आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या वडिलांनी शिकवणीचे शुल्क भरण्यासाठी घेतलेले कर्ज अजून फिटलेले नाही. मुलींविषयी तर काय सांगावे? घरात एकच फोन असेल तर तो भावाकडे गेला, धाकट्यांना सांभाळणे व स्वयंपाक मुलीकडे आला, आणि टाळेबंदीत कमी खर्चात उरकते म्हणून कित्येक वर्गांतील मुलींची लग्ने लावून देण्यात आली. ज्या परत आल्या आहेत, त्यांना आपला नंबर कधी लागेल याची भीती आहे. अशातच २७ व २८ सप्टेंबरच्या अतिवृष्टीने मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले, काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात सडले, आणि त्याची चिंता मुले दप्तरासोबतच शाळेत घेऊन येत आहेत.

अशा वेळी पहिल्या अर्ध्या तासात काय करावे, याविषयी माझ्या मनात निश्चित कल्पना आहे. हजेरी घेताना मुलाने 'हजर' म्हणण्याबरोबरच आज मन कसे आहे, हे हाताच्या खुणेने दाखवावे. ज्याला दाखवायचे नसेल त्याने दाखवू नये. त्यानंतर पाच मिनिटे सर्वांनी स्वस्थ बसावे, पाय जमिनीला टेकवावेत आणि आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या श्वासाकडे केवळ लक्ष द्यावे. मन दुसरीकडे गेले तर स्वतःवर न रागावता ते परत आणावे. हे आपल्या राज्याला नवे नाही. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाच्या सहकार्याने शालेय शिक्षण विभागाने 'मित्र उपक्रम' सुरू केला होता, त्यात शाळा भरताना आणि सुटताना दहा-दहा मिनिटे आनापान, म्हणजे श्वासावर लक्ष देण्याचा सराव, करणे अपेक्षित होते, आणि त्यासाठी पुष्कळ शिक्षकांनी शिबिरेही केलेली आहेत. ते शिक्षक आजही सेवेत आहेत. त्यांचा उपयोग करून घेण्यासाठी एक रुपयाही नव्याने खर्च करावा लागणार नाही. उरलेल्या वीस-पंचवीस मिनिटांत मुलांनी चित्र काढावे, दोघा-दोघांनी बोलावे, मैदानात अंतर राखून खेळावे किंवा गेलेल्या माणसाविषयी चार ओळी लिहाव्यात. लिहिलेले तपासू नये, त्याला गुण देऊ नयेत आणि वर्गात मोठ्याने वाचायला लावू नये.

या ठिकाणी एक काळजी घेणे अत्यंत आवश्यक आहे. श्वासावर लक्ष देण्याने अस्वस्थता काही प्रमाणात शमते, झोप सुधारण्यास मदत होते व मन अभ्यासात रमू लागते, असा अनेकांचा अनुभव आहे. पण नुकताच मोठा आघात झालेल्या मुलाला डोळे मिटताच तीच दृश्ये दिसू लागतात आणि शांत बसणे हीच शिक्षा वाटू लागते. आणि ज्या आजारात माणसांचा श्वासच कोंडला, त्या आजाराने घरातले कोणी गेले असेल तर श्वासाची आठवण करून देणेही एखाद्या लेकराला सोसणार नाही. म्हणून डोळे उघडे ठेवण्याची, खिडकीबाहेरच्या झाडाकडे पाहण्याची, पाखरांचे आवाज ऐकत बसण्याची किंवा उठून व्हरांड्यात सावकाश चालण्याची मोकळीक प्रत्येकाला असावी. सजगतेचा हा सराव उपाशी मुलाच्या जेवणाची, कर्जबाजारी बापाच्या मदतीची किंवा आजारी मनाच्या उपचाराची जागा घेऊ शकत नाही, हे शासनानेही ध्यानात ठेवावे. पाच मिनिटांचे ध्यान सुरू केले म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे कोणी मानू नये.

शिक्षकांनी काय बोलू नये, हेही शिकवले पाहिजे. 'रडू नकोस', 'आता तूच घरचा कर्ता', 'तुझ्यापेक्षा वाईट अनेकांचे झाले' ही वाक्ये आपण मायेपोटी बोलतो, पण त्यांनी मुलाचे तोंड कायमचे मिटते. उलट वारंवार पोट किंवा डोके दुखते म्हणणारे, आणलेला डबा तसाच परत नेणारे, खेळातून अंग काढून घेणारे किंवा विनाकारण मारामारी करणारे मूल ओळखता आले पाहिजे, आणि मरणाची भाषा बोलणाऱ्या मुलाला त्याच दिवशी, एकटे न सोडता, पालकांसह डॉक्टरांपर्यंत पोहोचवले पाहिजे. बेंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार असल्याचे आढळले होते. हा आकडा महामारीच्या आधीचा आहे. याच महिन्यात युनिसेफने प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार भारतातील १५ ते २४ वयोगटातील केवळ ४१ टक्के तरुणांना मानसिक त्रासासाठी इतरांची मदत घेणे चांगले वाटते. पाहणी झालेल्या २१ देशांची सरासरी ८३ टक्के आहे. याचा अर्थ आपली मुले स्वतः होऊन मदत मागतील, अशी वाट पाहत बसण्यात काही हशील नाही. केंद्र शासनाच्या 'मनोदर्पण' उपक्रमाची ८४४८४ ४०६३२ या क्रमांकावरील निःशुल्क समुपदेशन सेवा चांगली आहे, पण एकुलता एक फोन दिवसभर बापाच्या खिशात असताना आणि घर एका खोलीचे असताना, मुलीने कोणाला न ऐकू जाता बोलावे तरी कोठे? शाळेतच एक फोन आणि एक आडोशाची खोली त्यासाठी उपलब्ध असावी.

मराठवाड्याला मनाच्या आरोग्याची यंत्रणा उभारण्याचा अनुभव नाही, असे कोणी म्हणू शकत नाही. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना पुण्यात नेऊन शिकवले, आणि नियमित शाळा, सवंगडी व मायेची मोठी माणसे मिळाली की उद्ध्वस्त घरांतील मुलेही उभी राहतात, हे या भागाने पाहिले आहे. शेतकरी आत्महत्यांच्या प्रश्नावर राज्याच्या आरोग्य विभागाने विदर्भ व मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला, तेव्हा आशा कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन नैराश्यातील माणसे शोधावीत आणि जिल्हा रुग्णालयातील पथकाने त्यांच्यावर उपचार करावेत, अशी साखळी ठरवण्यात आली होती. तीच साखळी आता शाळांपर्यंत वाढवावी. देशात लाख लोकसंख्येमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नसताना प्रत्येक शाळेला तज्ज्ञ मिळावा, असा आमचा हट्ट नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाने केंद्रनिहाय दोन दिवसांचे शिक्षक प्रशिक्षण घ्यावे, महिन्यातून एकदा प्रत्येक तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात मुलांसाठी वेगळा दिवस ठेवावा आणि शिक्षकाने पाठवलेल्या मुलाला रांगेत ताटकळत ठेवू नये, इतके तरी निश्चित होऊ शकते. शिक्षकांचाही यात विचार व्हावा. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'चे सर्वेक्षण, तपासणी नाक्यांवरील पहारे ही कामे करताना आमच्यातील अनेक सहकारी बाधित झाले, काही दगावले, आणि ज्यांचे स्वतःचे दुःख ओले आहे त्यांच्यावरच मुलांना सावरण्याची जबाबदारी येत आहे.

वेळेचा प्रश्न सर्वांत निकडीचा आहे. यंदाचा उसाचा गळीत हंगाम १५ ऑक्टोबरपासून सुरू करण्यास शासनाने मान्यता दिली आहे. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली ऊसतोड कुटुंबे दसऱ्यानंतर निघू लागतील आणि दिवाळीपर्यंत धारूर, वडवणी, केज, पाटोदा, आष्टी या तालुक्यांतील कित्येक तांडे व वस्त्या ओस पडतील. दीड वर्षाने वर्गात आलेले मूल दोन-तीन आठवड्यांत पुन्हा फडात जाणार असेल, तर त्याच्याशी बोलण्यासाठी आपल्याकडे तेवढेच दिवस आहेत. त्यामुळे हंगामी वसतिगृहांचे प्रस्ताव दिवाळीची वाट न पाहता आताच मंजूर करावेत, त्यांतील मुलांसाठी सायंकाळीही असाच अर्धा तास ठेवावा, आणि ज्या मुलांच्या घरी मृत्यू झाला आहे त्यांची यादी मुख्याध्यापकांनी गोपनीय ठेवून, मूल ज्या कारखान्याच्या परिसरातील शाळेत जाईल तेथील शिक्षकांना केवळ फोनवरून कल्पना द्यावी.

जिल्हाधिकारी, जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी आणि जिल्हा शल्यचिकित्सक यांनी याच आठवड्यात एकत्र बसून हा निर्णय घ्यावा, तसेच दिवाळीच्या सुट्टीपर्यंत कोणत्याही वर्गाची लेखी चाचणी घेऊ नये असे शाळांना कळवावे, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
एक मुख्याध्यापिका
धारूर तालुका, जि. बीड
१२ ऑक्टोबर २०२१