ही वही तपासू नका, असं एकदा लेखी द्या

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
स. न. वि. वि.

वाईतल्या एका वाचनालयात दर शनिवारी दुपारी आम्ही मुलांना घेऊन लिहायला बसतो. मुलं गावातली असतात, तशी बावधनकडची आणि पसरणीकडचीही. त्यांना सोडायला आलेल्या आया पूर्वी पायरीवर बसून राहायच्या, आता त्यांतल्या काही जणी आत येऊन कागद मागतात. या अनुभवाच्या जोरावर आपल्याकडे एकच मागणी करते आहे. आठवड्यातला एक तास शाळेत असा असू द्या, की त्या तासाला मूल जे लिहील ते कुणीही तपासणार नाही. आणि हे परिपत्रकात स्पष्ट लिहून द्या.

परिपत्रकच का, ते सांगते. शिक्षकांना ही गोष्ट पटवावी लागत नाही. मी ज्या ज्या गुरुजींशी आणि बाईंशी बोलले, ते सगळे म्हणतात, "ताई, आम्हालाही हेच हवंय, पण वर काय दाखवायचं?" शाळाभेटीला आलेले साहेब आधी वह्या उघडतात. पानावर तांबडी शाई दिसली नाही, तर शेरा शिक्षकाच्या नावावर बसतो. म्हणजे ती शाई जितकी मुलासाठी असते, तितकीच तपासणीसाठी. ही भीती वरून खाली आलेली आहे, त्यामुळे ती काढायचा अधिकारही वरच्यांनाच आहे.

या भीतीनं काय हातचं जातं, याचं एक उदाहरण देते. बावधनचं बगाड आपण ऐकून असाल. बगाड म्हणजे यात्रेतला भला मोठा लाकडी गाडा, रंगपंचमीला बैलांच्या जोड्या जुंपून तो ओढत गावात आणतात. त्यानंतरच्या शनिवारी चौथीतल्या एका मुलानं आमच्याकडे लिहिलं: "बगाड लई जड व्हतं. आमच्या सर्जाचं पाय थरथरत व्हतं. मी बघितलं तर त्यानं मान खाली घातली. मला वाटलं त्याला माझी लाज वाटली." त्याच मुलाची शाळेची वही मी पाहिली. त्यात 'माझा आवडता सण' हा निबंध होता. "भारत हा सणांचा देश आहे" अशी सुरुवात आणि पुढे दिवाळी, गाईडात असते तशीच. चूक एकही नव्हती आणि खाली 'छान' असा शेरा होता. बगाडाच्या त्या चार ओळी तपासायला घेतल्या, तर 'लई'भोवती गोल पडेल, दोन्ही 'व्हतं'भोवती पडेल, 'सर्जाचं पाय'खाली रेघ येईल. सर्जाबद्दल मात्र कुणी काहीच विचारणार नाही. पुढच्या वेळी तो मुलगा शहाणा होऊन दिवाळीच लिहील.

शुद्धलेखनाला माझा विरोध नाही. १९६२ साली ठरलेले आणि १९७२ साली भर पडून अठरा झालेले नियम मुलांना आलेच पाहिजेत. ते शिकवायला उरलेला सगळा आठवडा आहे. पण ज्या शब्दाची वेलांटी पहिली की दुसरी हे ठाऊक नसतं, तो शब्द मूल चुकीचा लिहीत नाही, तो लिहायचंच टाळतं. हे मी डोळ्यांसमोर घडताना पाहते. तोंडानं 'चिखल फुर्रकन् उडाला' असं सांगणारी मुलगी कागदावर 'पाऊस आला' एवढंच लिहून पेन ठेवते. तिचे शब्द कुठे गेलेले नसतात, ते चुकण्याच्या धास्तीनं आतच राहतात.

धास्ती गेली की काय होतं, ते बघण्यासारखं आहे. आमच्याकडे पत्र्याच्या डब्यात शब्दांच्या चिठ्ठ्या असतात. डोळे मिटून दोन उचलायच्या. 'एसटी' आणि 'आजीचा दात' आले, तर दोघांची मिळून गोष्ट करायची. कधी साखळी गोष्ट असते. प्रत्येकानं दोन ओळी लिहायच्या, कागदाची घडी घालायची, पुढच्याला फक्त शेवटची ओळ दिसू द्यायची. शेवटी घडी उलगडून मोठ्यानं वाचली की खोलीभर हसू फुटतं. मुलांचा सगळ्यात लाडका खेळ म्हणजे घरातल्या पाच खऱ्या गोष्टी लिहायच्या आणि त्यांत एक थाप मिसळायची, बाकीच्यांनी ती पकडायची. थाप पचावी म्हणून मुलं तपशील इतके नेमके देतात, की वर्णन कसं करावं हे वेगळं शिकवावंच लागत नाही. आणि काहीच सुचेना, तर "सुचत नाही, सुचत नाही" असंच लिहीत राहायचं. चार-पाच ओळींनंतर हात आपोआप दुसरीकडे वळतो. मोठ्यांनीही सोबत लिहायचं, हा एकच नियम आम्ही कडक ठेवलाय. मूल लिहीत असताना मोठं माणूस हात मागे बांधून फिरू लागलं, की लगेच परीक्षेची हवा येते.

यासाठी नवी योजना नको, पैसाही नको. पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' शासनानं २०२४ मध्येच जाहीर केला आहे. त्यातला एक तास द्या. आपल्याच खात्याचा एक जुना अनुभवही इथं उपयोगी पडेल. २०२३-२४ पासून पाठ्यपुस्तकांत 'माझी नोंद' म्हणून कोरी पानं घातली होती. जानेवारी २०२५ मध्ये तो निर्णय मागे घेतला गेला. आमच्याकडे येणाऱ्या मुलांच्या पुस्तकांतली ती पानं एक तर कोरीच होती, नाही तर त्यांवर शब्दार्थ उतरवलेले होते. कागद भरपूर होता. 'इथं तुला वाटेल ते लिही, कुणी चूक काढणार नाही' असं त्या मुलांना कुणी सांगितलं नव्हतं.

आता मोठ्यांबद्दल, कारण प्रौढांना लिहा-वाचायला शिकवणारा 'उल्लास' कार्यक्रमही आपल्याच खात्याकडून चालतो. त्याची चाचणी १५० गुणांची, आणि त्यांतले ५० लेखनाचे. आमच्या वस्तीतल्या एक मावशी ही परीक्षा पास झाल्या, प्रमाणपत्र मिळालं आणि लिहिणं तिथंच थांबलं. बचत गटाच्या रजिस्टरात सही करतात, तेवढंच. हळदीकुंकवाला याच मावशी उभ्या उभ्या नवा उखाणा जुळवतात. कागद पुढे केला की म्हणतात, "मला न्हाय येत बाई, हसतील सगळी." त्यांना आम्ही म्हटलं, वाक्य लिहूच नका, माहेरच्या परड्यात काय काय होतं त्याची नुसती यादी करा. त्यांनी लिहिलं: चाफा, शेवगा, रांजण, शेळीचं पिल्लू, आजी. आजी त्यांनी यादीतच घातली होती. मग त्याच म्हणाल्या, हिच्याबद्दल लिहायला अजून कागद द्या. साक्षरता वर्गांत परीक्षेनंतर असा एक तास चालू राहिला, तर मिळवलेलं अक्षर हातात टिकेल. गावोगावच्या ग्रंथालयांत जागा आहे, ओटा आहे, आणि दुपारच्या वेळी ती बरीचशी मोकळीच असतात.

सावित्रीबाईंचं नायगाव आमच्याच जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यात आहे. दर ३ जानेवारीला शाळाशाळांत त्यांच्यावर पाठ केलेली भाषणं होतात, निबंधस्पर्धा होतात. फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे हिचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' नियतकालिकात छापून आला, तेव्हा ती अवघी चौदा वर्षांची होती. आपल्या समाजाची दुःखं तिनं मांडली ती स्वतः पाहिलेली, स्वतः सोसलेली. आज चौदा वर्षांच्या मुलीला आम्ही निबंधासाठी मुद्दे देतो आणि ते विस्तारायला सांगतो. याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून परिपत्रक काढताना काही गोष्टी त्यात येऊच देऊ नयेत, ही कळकळीची विनंती. स्पर्धा नको, कारण नंबर आला की पालक लिहून देऊ लागतात. फोटो अपलोड करायची लिंक नको, अहवाल नको, 'उत्कृष्ट लेखन' म्हणून फलकावर लावणंही नको. मुलाला स्वतःहून वाचून दाखवावंसं वाटलं, तर वाचू दे. नाही वाटलं, तर वही दप्तरात जाऊ दे. ग्रामीण भागात घरोघरी होणाऱ्या 'असर'च्या पाहणीत मुलांचं वाचन आणि गणित तपासतात, लेखन नाही. ते तिथं घ्या, असं मी म्हणत नाही. उलट हा एक तास कुठल्याही मोजमापाबाहेर ठेवा. एक अपवाद सांगावासा वाटतो. मारहाण, उपासमार, छळ असं काही मुलानं लिहून शिक्षकाला आपणहून दाखवलं, तर काय करायचं, कुणाला कळवायचं, हे शिक्षकांना आधीच नीट समजावून द्यायला हवं. मोकळं लिहू दिलं की असंही बाहेर येतं, आणि तेव्हा शिक्षक एकटा पडता कामा नये.

आसपासच्या शाळांचे शिक्षक केंद्रावर ज्या शिक्षण परिषदेला जमतात, तिथं अर्धा तास शिक्षकांनाही असंच लिहायला बसवा. विषय त्यांचा, वही त्यांची, आणि तीसुद्धा कुणी बघायची नाही. वर्षानुवर्षं टाचण, अहवाल आणि माहितीचे तक्ते भरून त्यांचाही हात आखडलेला आहे.

जूनमध्ये शाळा भरायच्या आत हे झालं, तर पहिल्याच शनिवारपासून सुरू करता येईल. परिपत्रकात फार काही नको, एवढ्या ओळी पुरतील: "शनिवारच्या लेखन तासाची वही शिक्षकांनी तपासू नये. अधिकाऱ्यांनी शाळाभेटीत ती मागू नये. ती तपासली नाही म्हणून शिक्षकाविरुद्ध शेरा नोंदवू नये." खाली आपली सही असावी. त्याची प्रत घेऊन आमच्या भागातल्या शाळांत मी स्वतः जाईन.

आपली,
वाचनालयाची एक कार्यकर्ती
वाई, जि. सातारा